अकरा मिनिटांची भिंत

आमचे शेजारी मानुक्का सुटी संपवून सौदीला परत निघाले की आदल्या गुरुवारी त्यांच्या ओट्यावर अख्ख्या गावाची माया उघडी पडते. कुणाचं कैरीचं लोणचं, कुणाचे केळ्याचे काप, कुणाच्या सासूने नारळाच्या तेलात परतलेलं बीफचं सुकं. तिकडे जाणाऱ्याच्या हातात शेजाऱ्यांनी आपापल्या माणसासाठी पुडकं द्यायचं आणि जाणाऱ्याने ते न्यायचं, अशी आमच्या कोळिक्कोडच्या बाजूला रीतच आहे. नाही म्हणायची सोय नाही. मानुक्काही नाही म्हणत नाहीत. फक्त ते प्रत्येक पुडकं फोडून बघतात. लोणच्यात चमचा घालून तळापर्यंत ढवळतात. हलव्यात छत्रीची काडी आरपार खुपसतात. पलीकडच्या गावातला कुणीतरी दुसऱ्याच्या हलव्यात लपवलेलं काहीतरी सापडलं म्हणून तिकडच्या तुरुंगात सहा महिने बसला होता म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण तेव्हापासून ही काडी.

"देणाऱ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," ते म्हणतात, "पुडक्यावर नाही."

त्या गुरुवारी लोणच्यांच्या रांगेत शेवटी माझी डिस्क होती. आणि त्या डिस्कबद्दल मी माझ्या सख्ख्या आईशी खोटं बोलले होते.

आधी हे सांगते, की डिस्क मी केली होती. मी, रिन्शा, दहावी ब. शाळेत आयटी सर मला 'मेकॅनिक' म्हणतात आणि मला ते जाम आवडतं. आमच्या शाळेतल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर लिनक्स आहे, कॉम्प्युटर चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर. सरांनी त्याची सीडी मला दिली तेव्हा म्हणाले, "घरी टाक, मैत्रिणींना दे, पन्नास जणींना वाट, कुणी पकडणार नाही." मी घरी येऊन मामाच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती टाकली. उम्माला, म्हणजे माझ्या आईला, 'कुणी पकडणार नाही' एवढंच ऐकू गेलं.

"फुकट का देतात?"

"ज्यांनी केलंय त्यांनीच सगळ्यांसाठी मोकळं ठेवलंय, उम्मा."

"कोण आहेत ते?"

"जगभरचे लोक. ओळखीचे नाहीत."

"अनोळखी माणसं फुकट वस्तू देतात, आणि तू ती घरात घेतेस." उम्माने स्क्रीनकडे असं पाहिलं जसं दारात एखादा कपडे विकणारा येऊन बसलाय. "मागून काय घेतात ते सांग."

त्या दिवसापासून घरात बायका जमल्या की उम्मा स्वतःची ओढणी कॉम्प्युटरच्या तोंडावर टाकायची. तिच्या मते तो बघत असतो.

पण माझ्या इत्ताच्या, म्हणजे मोठ्या बहिणीच्या, हसीबाच्या, लग्नाची डिस्क करायची वेळ आली तेव्हा हाच फुकटा लिनक्स कामाला आला. पुरुषांच्या मांडवातलं चित्रीकरण शहरातल्या स्टुडिओने केलं होतं, त्याचं काही नाही. पण बायकांकडचं, मेंदीच्या कार्यक्रमाचं, सगळ्याजणी डोक्यावरची ओढणी सोडून नाचल्या-गायल्या त्याचं, ते बुश्राने केलं होतं. बुश्रा फक्त बायकांकडे कॅमेरा घेऊन जाते. आता ते कापून-जोडून डिस्क करायला शहरातल्या दुकानात द्यायचं तर तिथे चार तरुण पोरं खुर्च्या फिरवत बसलेली असतात. उम्मा म्हणाली, "माझ्या वहिन्या नाचताना त्यांनी बघायच्या? आणि एक कॉपी आपल्याकडे ठेवायची? मी मेले तरी नाही."

"मग मी करते."

"तुला येतं?"

"मला येतं, उम्मा!" येत नव्हतं. पण येईल अशी माझी खात्री होती, आणि माझ्या अनुभवात या दोन्ही गोष्टी जवळपास सारख्याच असतात.

इंटरनेटची वायर मी उम्मासमोर उपटून तिच्या हातात दिली. तिने ती तांदळाच्या डब्यात ठेवली. पुढचे आठ दिवस मी शाळेतून आल्यावर ते कार्यक्रम जोडत होते, कापत होते, चांगली गाणी वर घेत होते. एक तासाचा कार्यक्रम डिस्कच्या भाषेत बदलायला आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला चार तास लागायचे, मग मी त्याला पंखा लावून ठेवायची आणि स्वतः घामाघूम व्हायची. पहिल्या दोन डिस्क जळून गेल्या. तिसरी जळली नाही, पण शेजाऱ्यांच्या प्लेअरमध्ये सगळे निळे दिसायला लागले, नवरीसकट. मग सरांना विचारून मी डिस्कवर लिहिण्याचा वेग कमी केला, हळूहळू. चौथी चालली.

एवढा खटाटोप कशासाठी, तर उप्पासाठी. माझे वडील सौदीत बुरैदाला एका वाणसामानाच्या दुकानात आहेत. लग्नाला येतो म्हणाले होते, मालकाने सुट्टी दिली नाही, आले नाहीत. स्थळ त्यांनीच तिथून ठरवलं होतं. त्यांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचा भाचा. फोनवर म्हणाले होते, "पोरगा चांगला आहे, मी हो म्हटलंय." झालं.

लग्नाला तीन आठवडे झाल्यावर एका शुक्रवारी त्यांचा फोन आला तेव्हा आवाज वेगळाच होता.

"डिस्क करतेयस म्हणे तू, मोळे?" मोळे म्हणजे पोरी.

"हो उप्पा! मेनू पण केलाय. बटण दाबलं की मेंदी, बटण दाबलं की निकाह."

"कापू नकोस."

"काय?"

"काही कापू नकोस. जसं झालं तसं पाठव. इथे लोक काय काय बोलतायत." थोडा वेळ नुसती खरखर. "म्हणतात हसीबा मेंदीच्या दिवशी रडत होती. म्हणतात तिला हा मुलगा नको होता, बापाने तिकडून बसल्या बसल्या गळ्यात बांधला. मला तिचं तोंड बघायचंय. मी बघितलं की मला कळेल."

उम्माने फोन माझ्या हातातून घेतला. "कोण बोलतं असं? नाव सांगा."

"नाव कशाला? इथे एका खोलीत आठ माणसं असतात, आयशा. बातमीला पाय लागतात."

फोन ठेवल्यावर उम्मा बराच वेळ पत्तिरी, आमची तांदळाची भाकरी, थापत बसली. एरवी तिची पत्तिरी कागदासारखी असते. त्या दिवशीची चपलेसारखी झाली. आणि मग ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, स्क्रीनकडे न बघता म्हणाली, "त्यात एक भिंत आहे. ती काढून टाक."

मेंदीच्या चित्रीकरणात मध्येच अकरा मिनिटं नुसती भिंत दिसते. बुश्रा जेवायला गेली तेव्हा कॅमेरा आतल्या खोलीच्या खिडकीत ठेवून गेली, बंद करायला विसरली. निळी भिंत, तिच्यावर एक पाल, बाकी काही नाही. मी ती एरवीही कापणारच होते. कोण बघतं भिंत? पण एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. आठ दिवस उम्माने कुठलं गाणं ठेवायचं, कुणाची साडी चांगली दिसते, कशातच तोंड घातलं नव्हतं. फुकट्याजवळ ती फिरकलीच नव्हती. मग भिंत आहे हे तिला कसं माहीत?

"काढते," मी म्हणाले.

"आत्ता काढ."

मी तिच्यासमोर भिंतीचा तुकडा निवडला, कापला. तो गेलेला तिने बघितला आणि निघून गेली. तिला हे माहीत नव्हतं की या सॉफ्टवेअरमध्ये कापलं म्हणजे फेकलं असं नसतं, मूळ जसंच्या तसं राहतं. मी कानात हेडफोन घातले आणि भिंत परत आणली.

आधी नुसता पंख्याचा आवाज. आमचा आतल्या खोलीतला पंखा म्हणजे पिठाची गिरणी. पण आवाज साफ करायचंही फुकटचं सॉफ्टवेअर असतं. नुसता पंखा आहे असे दोन सेकंद त्याला ऐकवायचे, म्हणायचं हा चोर ओळखून ठेव, आणि मग सगळीकडून याला बाहेर काढ. मी काढला. पंखा गेला आणि त्याच्या खालून माणसं निघाली.

खरं सांगते, मला वाटत होतं इत्ता आता म्हणेल की मला हा मुलगा नको. आणि मग मी काय करणार? ती तर नांदायला गेलीही होती.

इत्ता रडत होती. स्पष्ट. उम्मा म्हणत होती, "रडू नकोस, मेंदी पुसेल."

"पुसू दे. येतो म्हणाले होते. मी विमानतळावर जायला घालायचा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता, उम्मा."

"मालकाने नाही सोडलं. ते काय करतील?"

"आणि मला विचारलंसुद्धा नाही. मुलगा बघितला, हो म्हटलं, झालं. एकदा मला विचारायचं ना. हसीबा, तुला चालेल का? एवढंच. मी हो म्हटलं असतं. हो-च म्हटलं असतं! पण विचारलं नाही कुणी."

मग नाक ओढल्याचा आवाज. मग उम्मा, अगदी बारीक: "मलाही नव्हतं विचारलं."

मी हेडफोन काढले. परत घातले. पुढे अजून काही होतं. दाराचा आवाज, आणि एक तिसरी बाई. तो आवाज मी झोपेतही ओळखते. पण ते मी नंतर सांगते, कारण तो आवाज पुढे मला फार महागात पडला.

म्हणजे गोष्ट अशी होती. उप्पाला संशय की मुलीला मुलगा नको होता. खरं असं की तिला बाप हवा होता. उम्माला वाटत होतं हे ऐकलं तर तो माणूस तिकडे आठ जणांच्या खोलीत कोसळेल. खिडकीतला कॅमेरा भिंतीकडे तोंड करून चालूच आहे हे तिने त्या दिवशी बघितलं असणार, म्हणून तिने कापायला सांगितलं. पण कापलं, आणि उप्पाला इत्ताचे लाल डोळे दिसले, जे पुढच्या गाण्यात दिसतातच, तर ते आयुष्यभर तेच धरून बसणार की मी माझ्या पोरीला नको तिथे दिलं. मानुक्का शनिवारी निघणार. त्यांच्यानंतर गावातलं कुणी जाणारं म्हणजे एकदम रमजान ईद झाल्यावर.

मी पाचवी डिस्क लिहिली. भिंतीसकट. पंखा काढून. आणि उम्माला म्हटलं, "झाली बघ, भिंत नाही हं."

आता परत त्या गुरुवारच्या ओट्यावर.

मानुक्कांनी डिस्क उचलली, उन्हात धरली, मागून पुढून बघितली. "यावर कंपनीचं नाव नाही."

"घरी केलीय मानुक्का. मार्करने लिहिलंय ना, हसीबा."

"लिहायला काय, मी पण लिहीन." त्यांनी सौदीहून आणलेला लॅपटॉप मांडीवर घेतला. डिस्क आत घातली. मी म्हटलं, "मानुक्का, बायकांचं आहे त्यात!" उम्माने तर ओढणी पुढे केलीच होती, स्क्रीनवर टाकायला.

"लावत नाही गं, देवाला घाबरतो मी. नुसतं बाहेरून बघतो." त्यांनी चष्मा लावला. हलव्यात काडी घालताना जसा चेहरा असतो तसा चेहरा झाला. "दोन फोल्डर आहेत. एक व्हिडिओचं. एक ऑडिओचं." त्यांनी ऑडिओच्या फोल्डरवर बोट ठेवलं. "हे रिकामं आहे."

"ते रिकामंच असतं."

"मग ठेवलंय कशाला?"

"सगळ्यांच्या डिस्कमध्ये असतं. काही जुन्या प्लेअरना ते नसलं तर डिस्क चालत नाही."

"म्हणजे प्लेअरला रिकामी पेटी दाखवायची, की तो गप्प बसतो." त्यांनी उम्माकडे पाहिलं. "आयशा, पंचवीस वर्षं मी तिकडे आहे. कस्टमवाल्याला रिकामी पेटी दाखवली तर तो पहिलं विचारतो, काढलं कुठे?"

"मानुक्का, शपथ—"

"आणि हे बघ. व्हिडिओचे पाच तुकडे. एक, दोन, तीन, चार, पाच. सरळ लग्न झालंय ना पोरीचं? मग पाच तुकडे कशाला?"

"एका फाईलला एक जीबीच्या पुढे जाऊ देत नाहीत. डिस्कचा नियमच आहे तसा!"

"कुणाचा नियम?"

खरं तर मला माहीत नव्हतं. "जगाचा," मी म्हणाले.

मानुक्का हसले नाहीत. "मी लोणचं ढवळतो तेव्हा मला लोणचं कळतं. हे मला कळत नाही. जे कळत नाही ते मी विमानात नेत नाही. कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून मला सांगितलं पाहिजे की आत काय आहे."

"तुम्ही कसे बघणार?" उम्मा म्हणाली.

"मी नाही. सैनबा बघेल."

आत पडद्यामागे बांगड्या वाजल्या. सैनबात्ता म्हणजे मानुक्कांची बायको. त्या पडद्यामागेच होत्या. त्या नेहमीच पडद्यामागे असतात.

उम्माचा चेहरा उजळला, बिचारीचा. तिला वाटलं, आत भिंत नाहीच आहे, सैनबाने बघितलं तर उलट बरं, तोंड बंद होईल. मी मात्र गार पडले. कारण अकरा मिनिटांच्या भिंतीतला तिसरा आवाज या सैनबात्तांचा होता.

आतल्या खोलीत टीव्हीसमोर आम्ही तिघी बसलो. दार लावलं. मानुक्का बाहेर पुडकी बांधत होते, चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता. रिमोट सैनबात्तांच्या हातात. त्या बैठक मारून बसल्या, पानाचा डबा जवळ, जसं काही खटल्याचा निकाल द्यायचाय.

स्क्रीन काळी. खूप वेळ काळी.

"चालत नाहीये," सैनबात्ता समाधानाने म्हणाल्या.

"वाचतेय ती."

मग माझा मेनू आला, मोगऱ्याच्या फोटोवर सोनेरी अक्षरं. मला क्षणभर सगळं विसरून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"पुढं ढकल की थोडं," पंधरा मिनिटांनी उम्मा म्हणाली. "नुसतं नाचच आहे."

"का गं? पुढं काय आहे? सगळं बघणार मी. ह्यांनी सांगितलंय. अय्या, ही बघ तुझी वहिनी, कंबर बघ कशी."

आणि मग भिंत आली.

निळी भिंत, पाल. उम्माचा हात माझ्या मांडीवर आला आणि तिने असा चिमटा घेतला, असा, की ती जागा ईदपर्यंत हिरवी होती.

"हे काय?" सैनबात्ता पुढे झुकल्या. "भिंत का पाठवतेस बापाला?"

मग इत्ताचं रडणं आलं. सैनबात्तांनी पानाचा डबा बाजूला ठेवला. 'येतो म्हणाले होते.' 'ड्रेस इस्त्री करून ठेवला होता.' मी टीव्हीकडे बघतच नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे बारीक झाले.

"हे तू घातलंयस," त्या म्हणाल्या.

"मी?"

"त्या फुकटच्या मशीनमध्ये सगळं करता येतं म्हणतात. तोंड एकाचं, आवाज दुसऱ्याचा. म्हणूनच भिंत. तोंड दिसायला नको. अगं, मी होते त्या दिवशी तिथे! मला माहिताय ती कशाला रडत होती. तिला तो मुलगा—"

'—काय गं, पोरगी रडते?' टीव्हीतून सैनबात्ताच म्हणाल्या. 'नको आहे वाटतं तिला तो मुलगा.'

खोलीतल्या सैनबात्ता गप्प झाल्या. टीव्हीतल्या नाही. 'बघितलंस ना, आयशा, बाप तिकडे नि स्थळ इकडे, असंच होतं.' आणि उम्माचा घाईचा आवाज: 'डोळ्यात मेंदीचं तेल गेलंय तिच्या, सैनबा. जा तू, बिर्याणी वाढतायत.' आणि मग परत सैनबात्ता: 'कोंबडीची की बीफची?'

भिंत संपली. गाणं सुरू झालं. सैनबात्तांनी टीव्ही बंद केला. प्लेअर मात्र आतून घुर्र घुर्र फिरत राहिला.

बाहेरून मानुक्का ओरडले, "झालं का?"

"होतंय!" आम्ही तिघी एकदम ओरडलो.

उम्मा माझ्याकडे वळली. इतकी रागावलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि इतकी घाबरलेलीही. "तू म्हणालीस काढली."

"कापली होती. परत लावली."

"खोटं बोललीस माझ्याशी."

"हो."

"कापून दे," सैनबात्ता म्हणाल्या. आवाज एकदम नरम. "आपल्या मोळेला येतं ना सगळं. माझं तेवढं काप. उगाच तिकडे आठ माणसांत... माझा आवाज लोक ओळखतात गं."

"कोळिक्कोडपर्यंत ओळखतात," उम्मा म्हणाली. मग मला, "सगळंच काप. सैनबा म्हणते ते बरोबर आहे."

उम्मा आणि सैनबात्ता यांचं कुठल्या गोष्टीवर एकमत झालं हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. आणि ते माझ्याविरुद्ध.

"नाही कापणार," मी म्हणाले.

आणि लगेच पुढचंही बोलून टाकलं. "उप्पाला कुणीतरी सांगितलंय की इत्ताला मुलगा नको होता. त्यांनी कापू नकोस म्हटलंय. पुढच्या गाण्यात तिचे डोळे लाल आहेत, ते मी कसे कापू? संपूर्ण गाणंच जाईल. ते बघितले की त्यांना वाटणारच, खरं होतं लोकांचं. आणि आपण काही लपवलंय हेही कळेल. मग ते आपल्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. इत्ताने किती वेळा फोनवर सांगितलं मी सुखात आहे, तरी नाही ठेवणार ते."

"आणि हे ऐकलं तर?" उम्मा म्हणाली.

"तर रडतील."

"एकटे आहेत ते तिकडे, रिन्शा."

"आत्ताही एकटेच आहेत. आणि वर चुकीचं काहीतरी डोक्यात घेऊन बसलेत."

उम्माने टीव्हीवर हात ठेवला, बंद टीव्हीवर, भिंत जिथे होती तिथे. मग म्हणाली, "मी बोललेय त्यात. शेवटी. माझ्याबद्दल."

"हो. ऐकलं मी."

"तेही ऐकतील मग ते." तिने नाक पुसलं. "ऐकू देत. वीस वर्षं झाली, ऐकू देत की."

"आणि माझं?" सैनबात्ता म्हणाल्या. "तुमचं मायलेकींचं जुळलं. मी काय करू? मी आत्ता ह्यांना सांगू शकते की आत काहीतरी आहे. खरंच आहे. पुडकं इथेच राहील."

आता त्यांचं खरं होतं. त्यांनी नाही म्हटलं की मानुक्का नेणार नव्हते. मला राग आला, आणि रागात मी जे म्हणाले ते टोमणा म्हणूनच म्हणाले. "सांगा. तुमच्या फिदाच्या मेंदीला मानुक्का इथे असतील ना, त्यामुळे तुम्हाला काय त्याचं."

फिदा, त्यांची मुलगी, आठवीत आहे. मानुक्का शनिवारी गेले की दोन वर्षांनी येणार होते. आले तर. हे सगळं मला बोलून झाल्यावर समजलं.

सैनबात्तांनी रिमोट खाली ठेवला. बाहेर चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. त्या त्या आवाजाकडे बघत राहिल्या, म्हणजे दाराकडे. मला वाटलं आता बोलतील, माझ्या वयाला शोभत नाही वगैरे. त्या उठल्या. डिस्क काढली. कडेने धरली, बोटं न लावता, मी कुणालाच शिकवलं नव्हतं तसं.

दार उघडून म्हणाल्या, "अहो, काही नाही यात. बायकांचं रडणं आहे. न्या."

"पूर्ण बघितलंस?"

"पूर्ण."

"आणि ते रिकामं फोल्डर?"

"रिकामं असतं ते. सगळ्यांच्यात असतं." आणि मग, घरात जाता जाता, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं."

मानुक्कांनी डिस्क दोन बनियनांच्या मध्ये ठेवली. तरी एकदा बनियन झटकून बघितलंच.

शनिवार गेला. रविवारी उप्पाचा फोन नाही. सोमवारी नाही. शुक्रवारीही नाही. नमाजानंतर दोन वाजता येणारा फोन गेल्या सोळा वर्षांत एकदाही चुकला नव्हता. उम्मा माझ्याशी बोलत होती, पण 'मीठ दे', 'पाणी आण' एवढंच. एकदा तिने फोनची वायर भिंतीतून काढून परत लावून बघितली. सैनबात्तांकडे मानुक्कांचा फोन आला की त्या कुंपणावरून नुसती मान हलवायच्या, काही कळलं नाही. मी मनात शंभर गोष्टी केल्या. कस्टमने धरली. प्लेअरमध्ये सगळे निळे दिसले. किंवा अगदी स्वच्छ दिसलं, ऐकू आलं, आणि उप्पा आता कधीच फोन करणार नाहीत. आवाज साफ करायला नको होता, पंखा तरी मध्ये राहिला असता.

पुढच्या मंगळवारी इत्ताचा फोन आला. तिच्या सासरहून. मी उचलला.

"काय पाठवलंस गं तू?"

"का?"

"उप्पाचा फोन आला होता. इथे. माझ्या सासरच्या नंबरवर. ह्यांनी उचलला तर म्हणाले, हसीबाला द्या, आणि तुम्ही जरा बाहेर जा. माझी सासू दाराला कान लावून बसली होती."

"काय म्हणाले?"

"आधी काहीच नाही. मला वाटलं लाईन कट झाली. मग म्हणाले, पोरी, मुलगा कसा आहे? तुला चालतो का?" ती हसली की रडली ते फोनवर कळत नाही. "लग्न होऊन दीड महिना झाला, रिन्शा! आणि आता विचारतात!"

उम्मा माझ्या कानाला कान लावून उभी होती.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

इत्ता थांबली. जरा जास्तच थांबली, मला तरी तसं वाटलं.

"तुला नाही सांगणार," ती म्हणाली. "तू डिस्क करशील."